रजेवरून परत येताना

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आजारपणाची रजा कशी काढायची हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. डॉक्टरांचा दाखला घ्यायचा, अर्ज लिहायचा आणि घरच्या कुणाच्या तरी हाती तो पाठवून द्यायचा. पण तीन-चार महिन्यांच्या रजेनंतर कामावर परत कसं यायचं, याचा ठरलेला रस्ता मात्र नाही. माणूस बरा झाला की आपोआप कामाला लागतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दुखणं संपतं तिथून दुसरी अडचण सुरू होते. जागेवर दुसरं कुणी बसलेलं असतं, हात पूर्वीसारखा चालत नसतो, साहेब म्हणतात, "पूर्ण बरे होऊन या," आणि इकडे किराणा दुकानातली उधारी वाढत असते.

मी एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढली. पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात असा अधिकारी नेमणं १९४८ च्या कारखाने कायद्यानं बंधनकारक केलं होतं. त्या नोकरीत मला अपघातापेक्षा अपघातानंतरचे महिने जास्त पाहायला मिळाले. त्यातूनच या परतीच्या वाटेचा इतिहास शोधण्याचा नाद लागला. आज त्याविषयी थोडं बोलणार आहे.

सुरुवात आपल्या गिरणगावापासून करू. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मुंबईच्या कापडगिरणीतला कामगार आजारी पडला, की बहुधा गावाची वाट धरी. चाळीतल्या एका खोलीत इतकी माणसं राहत, की आजाऱ्याला पाठ टेकायला जागा नसे. कोकणातला माणूस बोटीनं, घाटावरचा रेल्वेनं गावी जाई आणि घरची पेज-भाकरी खाऊन अंगात बळ आणी. इकडे त्याच्या साच्यावर बदली कामगार उभा राही. बरा होऊन तो गिरणीच्या दारात आला, की त्याला आत घ्यायचं की नाही, हे जॉबर ठरवी. नोकरी देणारा तोच, काढणारा तोच, आणि पुन्हा घेताना दस्तुरी मागणाराही तोच.

१९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगानं, म्हणजे हिंदुस्थानातील मजुरांविषयीच्या शाही आयोगानं, १९३१ च्या अहवालात या लाचखोरीची नोंद केली आणि भरतीचं काम जॉबरच्या हातून काढून मजूर अधिकाऱ्याकडे द्यावं असं सुचवलं. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू झाली. जॉबरची सद्दी हळूहळू उतरू लागली.

हा जॉबर लुबाडत असे, यात शंका नाही. पण कोण कुठल्या चाळीत राहतो, कशानं आजारी आहे, कुठल्या खात्यात हलकं काम रिकामं आहे, हे सगळं त्याच्या डोक्यात असे. त्याची सत्ता गेली ते बरंच झालं. मात्र त्याच्याइतकी माहिती असलेला, पण हात न पसरणारा माणूस त्याच्या जागी नेमायचा राहून गेला. पुढचा सगळा इतिहास मला अशा माणसाच्या शोधाचा इतिहास वाटतो.

गिरणी कामगाराला सर्वांत जास्त धास्ती होती ती क्षयाची, आणि या शोधातला एक महत्त्वाचा प्रयोग क्षयावरच झाला. तो इंग्लंडमध्ये झाला. पेंड्रिल व्हॅरियर-जोन्स या वेल्श डॉक्टरनं १९१६ साली केंब्रिजशायरमधल्या बॉर्न या खेड्यात क्षयरोग्यांची छोटी वसाहत काढली. १९१८ मध्ये ती जवळच्या पॅपवर्थ इथं मोठ्या जागेत गेली. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न एवढाच उपचार होता. सॅनेटोरियममध्ये काही महिने राहून रोगी सुधारे, वजन वाढे, आणि मग त्याला त्याच कोंदट घरात, त्याच दिवसभराच्या कामावर परत पाठवलं जाई. थोड्याच दिवसांत ताप आणि खोकला पुन्हा हजर. डॉक्टर म्हणाले, रोग्याला बरं करून आपण पुन्हा आजारी पडायलाच पाठवतो आहोत.

पॅपवर्थमध्ये त्यांनी सुतारकाम, प्रवासी ट्रंका, छपाई, कोंबडीपालन असे उद्योग उभे केले. कुणी किती तास काम करायचं हे डॉक्टर ठरवत. आज दोन तास, प्रकृती मानवली तर पुढे चार, ताप आला तर पुन्हा शून्य. माल मात्र बाजारात टिकेल असाच हवा आणि मजुरी कामाच्या दरानं मिळे. दयेपोटी कुणी ट्रंक विकत घ्यावी हे त्यांना मान्य नव्हतं. बायकामुलांसह राहायला घरंही बांधली गेली. हेच पॅपवर्थ पुढे हृदयशस्त्रक्रियेसाठी जगभर गाजलं, पण त्याचा पाया या दोन तासांच्या सुतारकामावर घातलेला होता.

पॅपवर्थनं एक गोष्ट दाखवून दिली. आजारी आणि धडधाकट या दोन टोकांच्या मध्ये बराच लांब पट्टा असतो आणि त्या पट्ट्यातल्या माणसाला मापून दिलेलं काम बाधत नाही. पण त्यात एक अडचणही होती. पॅपवर्थ हे वेगळं गाव होतं. तिथला माणूस कामाला लागे, पण जुन्या कारखान्यात, जुन्या सोबत्यांमध्ये परतत नसे. आपल्याकडे बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, तेव्हा कुष्ठरोग बरा झालेल्या माणसालाही घर आणि गाव परत घ्यायला तयार नव्हतं, म्हणून नवं गाव वसवावं लागलं. ज्यांना परतीची वाटच बंद होती त्यांच्यासाठी ते मोठं काम झालं. पण हात मोडलेल्या कामगाराला किंवा हृदयविकारातून उठलेल्या कारकुनाला वेगळं गाव नको असतं. त्याला आपलीच जागा हवी असते.

पहिल्या महायुद्धानं हा प्रश्न सरकारांच्या दारात आणला. हजारो तरुण हात-पाय गमावून परतत होते. लंडनच्या शेफर्ड्स बुश इथल्या लष्करी अस्थिरुग्णालयात रॉबर्ट जोन्स या शल्यविशारदाच्या पुढाकारानं कार्यशाळा निघाल्या. आखडलेल्या खांद्याला रंध्याचं काम, दुबळ्या पायाला पायानं चालवायचं यंत्र, अशी दुखऱ्या अवयवाला कामाची जोडी लावली जाई. त्याच सुमारास, १९१७ साली, मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी जायबंदी हिंदी सैनिकांसाठी क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू केलं. पुढे ही संस्था पुण्याजवळ खडकीला आली. शेतातून फौजेत गेलेल्या आणि आता नांगर धरू न शकणाऱ्या जवानाला हातात दुसरं कसब द्यायचं, हा तिचा हेतू.

सैनिकांसाठी शाळा निघाली. कामगारांसाठी १९२३ साली नुकसानभरपाईचा कायदा आला. तो आवश्यकच होता. कामावर हात गेला तर मालकानं पैसे द्यायचे, हे त्यानं पहिल्यांदा पक्कं केलं. कायद्याला एक अनुसूची जोडलेली होती. अंगठा गेला तर मिळकतीची ताकद किती टक्के गेली, तर्जनी गेली तर किती, डोळा गेला तर किती, असा सगळा हिशेब तिच्यात होता. पण टक्के मोजून पैसे दिले की प्रकरण मिटे. उरलेल्या टक्क्यांनिशी हा माणूस उद्या कोणतं काम करणार, हे विचारणारा रकाना त्या कागदात नव्हता.

तो प्रश्न ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात विचारला गेला, आणि त्याचं कारण अगदी व्यवहारी होतं. माणसं कमी पडत होती. नॉटिंगहॅमशायरच्या कोळसा भागात ई. ए. निकोल हे अस्थितज्ज्ञ खाणीत हाडं मोडलेल्या कामगारांसाठी पुनर्वसन केंद्र चालवत होते. प्लास्टर निघाल्यावर घरी बसवण्याऐवजी व्यायाम, मग हलकं काम, मग खाण, अशा पायऱ्यांनी ते माणूस परत पाठवत. १९४३ च्या सुरुवातीला जॉर्ज टॉमलिन्सन यांच्या समितीचा अहवाल आला. हे टॉमलिन्सन लहानपणी लँकेशायरच्या कापडगिरणीत राबलेले होते. त्यांच्या अहवालाचं सार असं, की रुग्णालयातल्या खाटेपासून कामाच्या जागेपर्यंत एकच सलग वाट हवी.

त्यातून १९४४ चा अपंग व्यक्ती रोजगार कायदा झाला. वीस किंवा अधिक माणसं कामाला ठेवणाऱ्यानं तीन टक्के जागा नोंदणीकृत अपंगांना द्यायच्या, ही त्यातली तरतूद गाजली. माझ्या मते त्याहून मोलाची गोष्ट दुसरीच होती. स्थानिक रोजगार कार्यालयात यासाठी खास अधिकारी बसवण्यात आला. त्यानं डॉक्टरांशी बोलायचं, गावातल्या कारखान्यांत फिरायचं, कुठलं यंत्र बसून चालवता येतं, कुठल्या कामाला एक हात पुरतो, याची माहिती ठेवायची आणि माणूस व काम यांची गाठ घालून द्यायची. जॉबरच्या डोक्यातली माहिती इथं प्रथमच सरकारी पगारावर आली होती.

याबरोबरच रेम्प्लॉय नावाचे सरकारी कारखानेही निघाले. पहिला १९४६ साली साउथ वेल्समधल्या ब्रिजेंड इथं सुरू झाला आणि तिथं फुफ्फुसात कोळशाची धूळ बसलेल्या खाणकामगारांना काम मिळालं. या व्यवस्थेचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. तीन टक्क्यांचा नियम बहुतेकांनी पाळला नाही, खटले फारच थोडे झाले आणि १९९५ च्या कायद्यानं तो रद्द झाला. रेम्प्लॉयचे सरकारी कारखाने २०१३ पर्यंत बंद झाले. केवळ आकडा ठरवून किंवा वेगळा कारखाना काढून भागत नाही, हा त्यातला धडा.

दरम्यान वैद्यकशास्त्राचंही मत बदलत होतं. १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणाच्या धोक्यांवर लेख लिहिला. नुसतं पडून राहिल्यानं स्नायू, हाडं, फुफ्फुसं आणि मन यांचं काय होतं, हे त्यात होतं. १९८६ साली अमेरिकेत पाठदुखीच्या २०३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती सांगितली होती. बरं होण्यात फरक पडला नाही, पण दोन दिवसवाल्यांचे कामाचे दिवस जवळजवळ निम्म्यानं कमी बुडाले. "सक्त विश्रांती" हा शब्द तेव्हापासून डॉक्टर जपून वापरू लागले. आपल्या घरांत मात्र तो अजून सढळपणे वापरला जातो.

आता आपल्याकडे परत येऊ. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सोपवलेली होती. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू झाली. आज या योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, आणि क्षय, कर्करोग अशा ठरावीक ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के दरानं दोन वर्षांपर्यंत. आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला काढून टाकता येणार नाही, असं संरक्षणही १९४८ च्या कायद्यात दिलेलं होतं.

दुसऱ्या बाजूला उपचाराची साधनंही आली. जन्मानं अमेरिकन असलेल्या आणि लग्नानंतर मुंबईकर झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीची देशातली पहिली शाळा सुरू केली. १९५५ मध्ये हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. १९६८ मध्ये मुंबई आणि हैदराबाद इथं व्यवसाय पुनर्वसन केंद्रं आली. म्हणजे एका टोकाला रुग्णालय होतं, दुसऱ्या टोकाला भत्ता आणि भरपाई होती, आणि दोन्ही टोकं बऱ्यापैकी भक्कम होती. मधली वाट मात्र सलग झाली नाही.

मी नोकरीत असताना हे रोज दिसे. कामगार रजेवरून आला की "कामास योग्य" असा दाखला आणी. योग्य किंवा अयोग्य, मध्ये काही नाही. लेथवर काम करणाऱ्या एकाच्या बोटांचे स्नायूबंध कापले गेले होते. शस्त्रक्रिया चांगली झाली, दाखलाही मिळाला. फोरमन म्हणाला, "याला पूर्ण शिफ्ट जमणार नाही आणि माझ्याकडे हलकं काम नाही." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. त्या वेळी मी, फोरमन, रुग्णालयातल्या थेरपिस्ट बाई आणि तो कामगार असे चौघं यंत्रापाशी उभे राहिलो. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा लेथ जवळून पाहिला. हँडल किती जोरानं फिरवावं लागतं, ते त्यांनी स्वतः फिरवून पाहिलं. मग ठरलं, की पहिला महिना त्यानं हत्यारं देण्याच्या खिडकीवर बसायचं, दुसऱ्या महिन्यात अर्धा दिवस लहान कामं करायची. चौथ्या महिन्यात तो स्वतःच्या लेथवर होता.

ही कर्तबगारी कुणा एकाची नव्हती. अर्ध्या तासाचं ते बोलणं होतं. पण ते घडवून आणणं हे कुणाचंच काम म्हणून लिहून ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे दहातल्या एखाद्याच्याच वाट्याला ते आलं. बाकीच्यांनी काही महिने हेलपाटे घातले आणि मग हिशेब घेऊन घरी गेले. कुणी पानाची टपरी टाकली, कुणी गावी गेला. कागदोपत्री त्या सगळ्यांनी स्वखुशीनं राजीनामा दिलेला होता.

सरकारी नोकरांच्या बाबतीत कायद्यानं पुढचं पाऊल टाकलं. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या ४७ व्या कलमानं सांगितलं, की नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला काढायचं नाही, त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, आणि ते नसेल तर जादा पद निर्माण करायचं. २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं, पाय गमावलेल्या एका जवानाच्या खटल्यात, हे कलम ठामपणे लागू केलं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ही तरतूद विसाव्या कलमात कायम आहे. पण ती सरकारी आस्थापनांसाठी. खासगी कारखान्यात आणि कंत्राटदाराकडे काम करणारा माणूस तिच्याबाहेर राहतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १९२३ व १९४८ चे जुने विमा-भरपाईचे कायदे तिच्यात सामावले गेले. पुस्तक नवं झालं आहे. त्या मधल्या वाटेचं पान त्यात भरलं जातं का, हे पाहायला हवं.

परदेशातल्या अलीकडच्या दोन अनुभवांकडे यासाठीच लक्ष द्यावंसं वाटतं. नेदरलँड्स हा तेव्हा दीड-पावणेदोन कोटी वस्तीचा देश होता. तिथं कामास असमर्थ म्हणून भत्ता घेणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या उंबरठ्यावर गेली होती. २००२ साली त्यांनी कायदा बदलला. सहाव्या आठवड्यापर्यंत डॉक्टरनं अडचण नेमकी काय ते लिहायचं, आठव्या आठवड्यापर्यंत मालक आणि कामगारानं मिळून परतीचा आराखडा करायचा, आणि त्याचा पाठपुरावा करणारी एक व्यक्ती ठरवायची. २००४ पासून आजारपणातलं वेतन दोन वर्षांपर्यंत मालकाच्या खिशातून जाऊ लागलं, तेव्हा मालकालाही माणूस परत आणण्यात रस आला.

ब्रिटननं एप्रिल २०१० मध्ये आजारपणाचा दाखलाच बदलला. "कामास अयोग्य" याच्या जोडीला "काही सोय केल्यास कामास योग्य" असा रकाना आला. त्यात टप्प्याटप्प्यानं परत येणं, बदललेल्या वेळा, बदललेलं काम आणि जागेत सुधारणा असे चार पर्याय होते. कल्पना उत्तम होती. पण दहातल्या नऊहून अधिक दाखल्यांवर आजही जुनीच खूण असते, कारण डॉक्टरला कारखाना माहीत नसतो आणि मिनिटांच्या भेटीत तो कळणारही नसतो. मग देशभरासाठी दूरध्वनीवरून सल्ला देणारी सेवा काढली. तिच्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही आणि २०१८ मध्ये ती बंद झाली. ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडच्या १५ भागांत नवा प्रयोग सुरू झाला. त्यात त्या-त्या भागातली आरोग्यसेवा, नगरपालिका आणि रोजगार कार्यालयं एकत्र येतात, आणि रजेवरच्या किंवा काम सुटण्याच्या बेतात असलेल्या माणसाला ओळखीचा एक मार्गदर्शक मिळतो. म्हणजे ऐंशी वर्षांनी गाडी पुन्हा १९४४ च्या त्या स्थानिक अधिकाऱ्यापाशी येऊन थांबली.

यातून आपल्याला काय घेता येईल? मोठ्या इमारतींची गरज मला दिसत नाही. आपल्या औद्योगिक वसाहतींत विमा योजनेचे दवाखाने आहेत, जिल्ह्याजिल्ह्यांत रोजगार कार्यालयं आहेत, थेरपी शिकवणारी महाविद्यालयं आहेत, कारखानदारांच्या संघटना आणि युनियन आहेत. या सगळ्यांच्या मध्ये वावरणारी एक व्यक्ती प्रत्येक वसाहतीत हवी. रजा एक महिन्याहून लांबली, की तिनं त्या घरी जावं, डॉक्टरांना विचारावं, फोरमनला भेटावं आणि परतीची तारीख व पायऱ्या कागदावर लिहून घ्याव्यात. दाखल्यावर हलक्या कामाचा एक रकाना छापायला तर काहीच खर्च नाही.

आणि कंत्राटी कामगाराचं काय, हा प्रश्न टाळता येणार नाही. पॉवर प्रेसवर बोटं गेलेल्या कंत्राटी मुलाला अनेकदा परत जायला जागाच उरत नाही, कारण हजेरीपटावरून त्याचं नाव दुसऱ्याच आठवड्यात गेलेलं असतं. गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या बदली कामगारासारखीच त्याची स्थिती आहे. त्याचं नाव उपचार संपेपर्यंत हजेरीपटावर राहील, एवढी व्यवस्था सर्वांत आधी व्हायला हवी. तरच वसाहतीतल्या त्या मध्यस्थाला त्याच्यासाठी कुणाशी बोलायचं हे कळेल.